जाळरेषेला कात्री लावू नका

राज्याच्या तिजोरीत चणचण भासली की मंत्रालयातून एक परिपत्रक निघतं. त्यात जंगलाचं, खाडीचं, माळरानाचं नावही नसतं. टक्क्यांचा एक आकडा असतो आणि तो बहुतेक सगळ्या खात्यांना सारखाच लागू होतो. ४ मे २०२० च्या शासन निर्णयाने हेच केलं. महामारीमुळे महसूल आटला होता. म्हणून त्या वर्षी अर्थसंकल्पातल्या तरतुदीच्या ३३ टक्केच निधी मिळेल, नवी कामं काढायची नाहीत, नवी भरती करायची नाही, असं ठरलं. सार्वजनिक आरोग्य, वैद्यकीय शिक्षण, मदत व पुनर्वसन, अन्न व नागरी पुरवठा या विभागांना अग्रक्रम दिला गेला आणि तो द्यायलाच हवा होता. महामारी ओसरली, पण कपातीची ही रीत मागे उरली. जानेवारी २०२५ मध्येही खर्च मूळ तरतुदीच्या सत्तर टक्क्यांच्या आसपास बसवा, अशी सूचना वित्त विभागाने खात्यांना दिली.

या लेखातून माझं मागणं एकच आहे. निसर्गरक्षणाचा जो खर्च दरवर्षी करावाच लागतो, म्हणजे वणव्याची राखण, जंगलातले पाणवठे, गस्त, रोपवनांची निगा आणि वन्यप्राण्यांनी केलेल्या नुकसानीची भरपाई, तो या सरसकट कपातीतून बाहेर काढा. २०२० मध्ये आरोग्याला अग्रक्रम दिला, तसाच याला द्या.

रस्त्याचं काम वर्षभर पुढे ढकललं तर रस्ता वर्षभर उशिरा होतो. सभागृहाची इमारत थांबली तर खांब उभे राहतात, पैसे आल्यावर पुढचं काम सुरू होतं. गैरसोय होते, ती मी कमी लेखत नाही. पण जंगलाची राखण एका उन्हाळ्यापुरती जरी थांबली, तरी त्या उन्हाळ्यात जे जळलं ते पुढच्या वर्षीच्या निधीतून परत आणता येत नाही. वित्त विभागाच्या तक्त्यात हे दोन्ही खर्च एकाच स्तंभात बसतात आणि सगळा घोळ तिथेच आहे.

वणव्याचं उदाहरण जरा तपशिलात सांगतो, कारण कपात नेमकी कुठे बोचते ते त्यात स्वच्छ दिसतं. आपल्याकडे वणव्याचा हंगाम १५ फेब्रुवारी ते १५ जून असा धरला जातो. त्याआधी, थंडीच्या दिवसांत, जाळरेषा काढायच्या असतात. रस्त्यांच्या कडेने, अभयारण्याच्या हद्दीवरून, दोन कक्षांच्या मधून काही मीटर रुंदीच्या पट्ट्या आखलेल्या असतात. तिथलं गवत कापायचं, वाळू द्यायचं आणि मग वाऱ्याचा रोख बघून, दोन्ही बाजूंना माणसं उभी करून ते आपणच जाळून टाकायचं. पुढे एप्रिलात कुठून आग आलीच तर तिला त्या काळ्या पट्टीवर जळायला काही मिळत नाही. हे काम यंत्राने फारसं होत नाही. त्याला माणसं लागतात, त्यांची मजुरी लागते आणि ती वेळेवर लागते. फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत जाळरेषा झाली नाही, तर नंतर ती काढणं हाच धोका असतो, कारण तोवर सगळं रान वाळून कडकडीत झालेलं असतं.

आता सरकारी वर्षाकडे बघा. सुधारित अंदाज जानेवारीत होतात, कात्री तेव्हा लागते. आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपतं. म्हणजे जाळरेषांचा शेवटचा महिना आणि वणव्याच्या हंगामाचे पहिले सहा आठवडे हे दोन्ही नेमके त्या काळात येतात, जेव्हा प्रत्येक खात्याचा हात आखडलेला असतो. एप्रिलमध्ये नवी तरतूद लागू होते खरी, पण ती वित्त विभागाकडून वन विभागाकडे, तिथून वृत्ताकडे, मग विभागाकडे आणि शेवटी परिक्षेत्राकडे उतरेपर्यंत मोहाची फुलं पडून गेलेली असतात. सर्वसाधारण वर्षातही ही ओढाताण असते. त्यात सत्तर टक्क्यांची मर्यादा आली की परिक्षेत्र अधिकाऱ्यासमोर दोनच वाटा उरतात: जाळरेषा अर्ध्या काढायच्या, नाहीतर फायर वॉचर अर्धे ठेवायचे.

फायर वॉचर हा हंगामी रखवालदार. खात्यातही त्याला याच नावाने ओळखतात. तो बहुधा जंगलालगतच्याच गावचा असतो आणि म्हणूनच तो मोलाचा आहे. आपल्या जंगलांतल्या बहुतेक आगी माणसाच्या हातून लागतात. मोहफुलं वेचायला सोपं जावं म्हणून झाडाखालचा पाचोळा पेटवतात. तेंदूला कोवळी पालवी जोमाने फुटावी म्हणून आग लावतात. सह्याद्रीच्या बाजूला नवं गवत चांगलं येतं या समजुतीने माळ पेटवून देतात. आज कोण कुठल्या नाल्याकडे गेलंय, कुणाच्या खिशात काडेपेटी आहे, कुणाला समजावलं की ऐकेल, हे त्या गावच्या माणसालाच ठाऊक असतं. त्याची खरी कामगिरी न लागलेल्या आगींत असते आणि न लागलेल्या आगीची नोंद कुठल्याही अहवालात होत नाही. भारतीय वन सर्वेक्षण संस्थेचा उपग्रहावरून मिळालेला इशारा आज वनरक्षकाच्या मोबाइलवर येतो. ही मोठीच सोय झाली. पण इशारा आल्यावर ब्लोअर पाठीवर घेऊन दरी उतरायला माणूस लागतो आणि त्याची मजुरी ज्या लेखाशीर्षातून निघते, त्यालाच आपण कात्री लावतो आहोत.

८ एप्रिल २०२१ रोजी नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पात वणवा विझवताना तीन वनमजुरांचा होरपळून मृत्यू झाला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ताडोबात, व्याघ्रगणनेसाठी खाणाखुणांची पायी पाहणी करताना, एका वनरक्षक भगिनीवर वाघिणीने हल्ला केला आणि त्यात तिचा जीव गेला. या मृत्यूंचं खापर कुठल्या एका परिपत्रकावर फोडणं अन्यायाचं होईल आणि मी ते फोडत नाही. पण ही माणसं कोणत्या कामात गेली ते विसरता येणार नाही. पाय झिजवण्याचं, ऊन खाण्याचं, धूर गिळण्याचं हे काम. जोडीला आणखी दोन माणसं, पायात धड बूट, जवळ पाण्याचे डबे, संध्याकाळी परत आणायला गाडी आणि गाडीत डिझेल, या सगळ्याला मिळून निधी म्हणतात. तो तीस टक्क्यांनी कमी झाला की डोंगरात उतरणारी टोळी तितकी लहान होते.

आता जंगलाच्या कडेच्या शेताकडे येऊ. वाघाने बैल मारला, रानडुकरांनी धान लोळवलं, रोह्यांनी हरभरा खाल्ला की शेतकरी अर्ज करतो, पंचनामा होतो, भरपाई ठरते. माणूस दगावला तर कुटुंबाला पंचवीस लाख रुपये द्यायचे असा राज्याचाच निर्णय आहे. कागदावर ही व्यवस्था देशातल्या चांगल्या व्यवस्थांपैकी एक आहे, असं मी मनापासून म्हणेन. पण तिचा सारा जीव वेळेत आहे. पैसे महिन्याभरात आले तर शेतकरी म्हणतो, ठीक आहे, सरकारने दखल घेतली. सहा महिने खेटे घालावे लागले तर तो पुढच्या हंगामात कुंपणात वीज सोडतो. त्या तारेला रानडुक्कर चिकटतं, कधी वाघ चिकटतो, कधी रात्री पाणी द्यायला निघालेला शेजारचा माणूस चिकटतो. विदर्भात असे प्रकार पुन्हा पुन्हा घडले आहेत. चंद्रपूर-गडचिरोलीतल्या माणसाने वाघ सोसावा अशी अपेक्षा आपण पुण्या-मुंबईत बसून करतो, तर त्या सोसण्याची भरपाई वेळेवर पोहोचवणं हे तरी आपलं किमान कर्तव्य ठरतं.

सतत पैसा मिळाला तर काय होतं याचा पुरावाही आपल्याच राज्यात आहे. २००६ मध्ये महाराष्ट्रात १०३ वाघ असल्याचा अंदाज होता, २०२२ मध्ये ४४४. मेळघाट तर १९७३ च्या पहिल्या नऊ व्याघ्र प्रकल्पांतला. त्यानंतर ताडोबा, पेंच, सह्याद्री, नवेगाव-नागझिरा आणि बोर असे आणखी पाच उभे राहिले. संरक्षण कुट्या बांधल्या गेल्या, विशेष व्याघ्र संरक्षण दल आलं, गावकऱ्यांचं पुनर्वसन झालं, रोजच्या गस्तीची नोंद व्हायला लागली. अनेक सरकारं आली-गेली, पण राखण मोडली नाही. या खर्चातला एक वाटा राज्याला उचलावा लागतो आणि उरलेला केंद्र देतं. राज्याने आपला वाटा अडवला की केंद्राचाही खोळंबतो. म्हणजे मंत्रालयात वाचवलेले थोडे रुपये मेळघाटात त्याहून कितीतरी मोठं काम थांबवतात.

आणि राखण मोडली की काय होतं? सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळावर जा. १९७९ मध्ये माळढोकासाठी तिथे अभयारण्य झालं. कागदावर ते ८,४९६ चौरस किलोमीटरचं, म्हणजे अवाढव्य होतं. त्यात शेतं, गावं, रस्ते सगळंच आलं. वर्षानुवर्षं वाद झाले आणि शेवटी ते १,२२२ चौरस किलोमीटरवर आणलं गेलं. तोवर माळावर ऊस आला होता, विजेच्या तारा आल्या होत्या. पैसा कमी पडला म्हणूनच माळढोक गेला असं म्हणणं खरं होणार नाही. पण तो आज महाराष्ट्रातून संपल्यातच जमा आहे आणि देशभरात जे दीडशेच्या आत उरलेत ते बहुतेक राजस्थानात आहेत. तिथे जैसलमेर भागात २०१९ पासून अंडी उबवून, पिल्लं हाताने वाढवून हा पक्षी टिकवण्याची धडपड चालली आहे. ती धडपड करणाऱ्यांना माझा नमस्कार. फक्त हिशेब मांडून बघा: गवताळ माळ राखायला किती खर्च आला असता आणि एकेक अंडं यंत्रात उबवायला किती येतो? संरक्षणातली कपात ही बचत नसते. ते चढ्या व्याजाने काढलेलं कर्ज असतं आणि ते फेडायला आपण नसतो, आपली नातवंडं असतात.

किनाऱ्यावरची एक छोटी योजना मला फार प्रिय आहे. २०१२ मध्ये राज्याने कांदळवन कक्ष स्थापन केला. त्याच्यामार्फत डिसेंबर २०१८ पासून एक सोपी गोष्ट सुरू झाली: मच्छीमाराच्या जाळ्यात कासव, व्हेल शार्क किंवा दुसरा संरक्षित प्राणी अडकला आणि त्याने जाळं कापून तो सोडून दिला, तर जाळ्याच्या नुकसानीपोटी त्याला पंचवीस हजारांपर्यंत भरपाई मिळते. कोळी बांधवाला उपदेश न करता, त्याचं पोट न मारता, समुद्रातला जीव वाचवायची ही रीत आहे. अशा योजना रकमेने इतक्या लहान असतात की त्या बंद पडल्याचं कुणाच्या ध्यानातही येत नाही. म्हणूनच त्यांची भीती वाटते.

जंगलाशी आपला काय संबंध असं शहरात वाटू शकतं. मुंबईचे विहार आणि तुळशी हे तलाव संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या पोटात आहेत, तानसा त्याच नावाच्या अभयारण्यात. नागपूरचं पाणी पेंचच्या जंगलातल्या तोतलाडोहातून खाली येतं. कोयनेच्या शिवसागराभोवतीचं रान हा सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाचाच भाग आहे. डोंगर उघडे पडले की माती धरणात येते आणि धरणात साचलेला गाळ काढायचा खर्च जाळरेषेच्या मजुरीपेक्षा कितीतरी मोठा असतो.

यावर जी उत्तरं मिळतात ती मला माहीत आहेत. पहिलं उत्तर कॅम्पाचं: भरपाई वनीकरणाचा निधी आहे ना, मग राज्याची तरतूद कमी झाली तर काय बिघडलं? ऑगस्ट २०१९ मध्ये केंद्राने या निधीतले ४७,४३६ कोटी रुपये राज्यांकडे वर्ग केले, त्यात महाराष्ट्राचे ३,८४४ कोटी होते. पण हा पैसा राज्याच्या नेहमीच्या तरतुदीच्या वर आहे, तिच्या जागी नाही, हे केंद्राने तेव्हाच स्पष्ट केलं होतं. २०१८ च्या नियमांनुसार त्यातून कायम कर्मचाऱ्यांचे पगारही देता येत नाहीत. आणि तो आला कुठून? खाणी, रस्ते, धरणं यांसाठी जे जंगल गेलं त्याची ती किंमत आहे. एका जंगलाच्या मरणाचे पैसे घेऊन दुसऱ्याची राखण बंद करायची, हा कुठला न्याय?

दुसरं उत्तर पर्यटनाचं. ताडोबाच्या दारावर पैसा जमतो हे खरं. पण यावलला, पैनगंगेला, भामरागडला जिप्सींची रांग लागत नाही. वाघ दिसत नाही म्हणून जंगलाची गरज संपत नाही. खासगी कंपन्यांच्या देणग्यांचंही तेच. त्या जिथे कॅमेरे जातात तिथे पोहोचतात.

तिसरं उत्तर सगळ्यांत गंभीर आहे: पैसाच नाही. २०२५-२६ चा अर्थसंकल्प सात लाख कोटींचा होता, त्यात लाडकी बहीण योजनेसाठी छत्तीस हजार कोटी होते. महसुली तूटही मोठी. मला या बहिणींच्या पैशांविरुद्ध एक शब्दही बोलायचा नाही. जंगलाच्या कडेला राहणाऱ्या बाईला ते पंधराशे रुपये लागतातच. पण तिच्या घरात मोहाचे, तेंदूचे पैसेही येतात, चुलीला सरपण येतं आणि मे महिन्यात तिच्या झऱ्याला पाणी असतं ते वरचं रान शाबूत आहे म्हणून. तिला एका हाताने देऊन दुसऱ्या हाताने तिचं रान उघडं टाकणं, ही तिची फसवणूक होईल.

वृक्षलागवडीचा मुद्दाही याच्याशी जोडलेला आहे. २०१९ च्या पावसाळ्यात राज्याने ३३ कोटी झाडांचं उद्दिष्ट धरलं होतं. खड्डा आणि रोप यांना पैसे मिळतात, समारंभालाही मिळतात. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी निंदणीला, पाण्याला, गुरांपासून राखणीला लागणारे पैसे कुणाच्या नजरेत भरत नाहीत, आणि नेमके तेच कपातीला सोपे वाटतात. नव्या लागवडीचा आकडा निम्मा करा, पण लावलेलं जगवा.

लोक आपल्या परीने करतातच. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला आणि त्यानंतर विदर्भातल्या कितीतरी ग्रामसभा आपल्या जंगलाची वणव्यापासून राखण स्वतः करू लागल्या. त्यांच्याकडे बोट दाखवून सरकारने अंग काढून घेऊ नये. उलट जाळरेषांचा निधी अशा ग्रामसभांच्या हाती द्यावा. तो रुपयाला रुपया कामाला लागेल.

म्हणून, वाचकहो, आता तुमच्याकडे येतो. विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन डिसेंबरात नागपूरला भरतं, तिथे पुरवणी मागण्या मांडल्या जातात. अर्थसंकल्पी अधिवेशन मुंबईत, मार्चच्या सुमारास. त्या दोन वेळा तुमच्या आमदाराने वनांच्या मागणीवर उभं राहून बोलावं, यासाठी त्याला आधीच भेटा. शिष्टमंडळ न्या, त्यात शेतकरी असू द्या, मच्छीमार असू द्या, निवृत्त वनपाल असू द्या. जिल्हा नियोजन समितीत पालकमंत्र्यांसमोर वनांचा विषय निघतो की नाही ते विचारा. दहा रुपयांच्या माहितीच्या अर्जात आपल्या उपवनसंरक्षक कार्यालयाला एवढंच विचारा: ‘वनीकरण व वन्यजीवन’ या २४०६ लेखाशीर्षाखाली यंदा किती मंजूर झाले, किती मिळाले आणि कोणत्या तारखेला मिळाले? उत्तर तीस दिवसांत यायला हवं. ती तारीख स्थानिक वर्तमानपत्रात छापून आणा. सफारीला जाऊन वाघाचे फोटो काढणाऱ्यांनो, शनिवार-रविवारी गडांवर चढणाऱ्यांनो, हे काम तुमचंही आहे. त्या वाटा कुणीतरी राखल्या म्हणून तुम्हाला मिळाल्या. आणि ग्रामसभांनी ठराव करावेत. ग्रामसभेचा ठराव सहजासहजी टोपलीत टाकता येत नाही.

पत्र लांबलचक लिहू नका. मी माझ्या आमदारांना पाठवतो आहे ते असं आहे, हवं तर उतरवून घ्या: ‘आपल्या मतदारसंघातल्या जाळरेषांचे आणि फायर वॉचरांचे पैसे ३० नोव्हेंबरपूर्वी परिक्षेत्रात पोहोचले पाहिजेत. वन्यप्राण्यांमुळे झालेल्या नुकसानीची भरपाई, पाणवठे, गस्त आणि रोपवनांची निगा यांना कोणत्याही सरसकट कपातीतून वगळणारा शासन निर्णय निघाला पाहिजे. कॅम्पाचा निधी राज्याच्या तरतुदीच्या जागी वापरला जाणार नाही, असं सभागृहात आश्वासन मिळालं पाहिजे. आपण हे प्रश्न कोणत्या दिवशी मांडणार ते कृपया लेखी कळवावं.’ खाली नाव, गाव आणि सही.